गणपतीच्या जुन्या गाण्याचं कव्हर काढताय? इंदूरच्या पाच जणांच्या गटाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, आम्ही पाच जण, सगळे अठरा ते एकवीस वयाचे. दोघी गातात, बाकी गिटार, कीबोर्ड आणि काहोन (लाकडी खोक्यासारखं तालवाद्य). येत्या गणपतीत एका जुन्या मराठी गाण्याचं कव्हर, म्हणजे आमच्या आवाजातलं नवं रेकॉर्डिंग, सिंगल (एकच सुटं गाणं) म्हणून काढायचं आहे. गाणं कोणतं घ्यावं? परवानगी लागते का? चाल किती बदलावी? मध्ये हिंदी रॅप टाकला तर चालेल का? आणि हे सगळं घरी रेकॉर्ड होईल का?"

मुलांनो, इंदूरला संगीत संयोजन आणि रेकॉर्डिंग करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. त्या आधारावर एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यातूनच निघेल. सणाचं कव्हर ऐकणाऱ्याला गाता आलं पाहिजे. मंडपात हार करत बसलेल्या मावशींना तुमच्या रेकॉर्डबरोबर दुसऱ्या ओळीपासून गुणगुणता आलं, तर गाणं जमलं. त्यांनी हार बाजूला ठेवून "हे काय चाललंय?" म्हणून कान टवकारले, तर तुमचं वादन कितीही कसबी असलं तरी ते गाणं दुसऱ्या वर्षी कुणी लावणार नाही.

नव्या गटांनी सणाचं कव्हर काढायची पद्धत जगभर आहे. नव्या गटाला श्रोता नसतो, गाण्याला असतो. ओळखीची चाल कानावर पडली की माणूस अनोळखी आवाजालाही एक मिनिट देतो. शिवाय सणाचं गाणं दरवर्षी परत येतं. मरायाह कॅरीचं ख्रिसमसचं प्रसिद्ध गाणं १९९४ मध्ये आलं आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते २०१९ मध्ये. इतर गाण्यांच्या बाबतीत असं सहसा घडत नाही. म्हणून यंदा जो सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) आवाज किंवा ड्रॉप (संगीत क्षणभर थांबून एकदम जोरात येणारा ठोका) चलतीत आहे तो गाण्याच्या मध्यभागी आणून बसवू नका. तीन वर्षांनी त्याच जागी गाणं जुनाट वाटायला लागेल. ढोलकी, टाळ, पेटी आणि माणसांचे आवाज तेव्हाही ताजेच राहतील.

आता गाण्याची निवड. इथे हक्कांचा विषय आधी येतो, कारण निम्मी निवड तोच करून टाकतो. आपल्याकडे समज असा की देवाचं गाणं सगळ्यांचं, त्याला कसली परवानगी? आरतीचे शब्द तीनशे-चारशे वर्षं जुने असतील तर शब्दांपुरतं ते खरं आहे. भारतीय कायद्यात कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. पण शब्द आणि चाल हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि मुलं नेमकी इथे अडकतात. 'ओंकार स्वरूपा'चंच बघा. शब्द संत एकनाथांचे, सोळाव्या शतकातले, ते मोकळे आहेत. पण सुरेश वाडकरांच्या आवाजात घरोघरी पोचलेली चाल श्रीधर फडक्यांची आहे, आणि तिचा हक्क पूर्ण शाबूत आहे. संतांची रचना आहे एवढं पाहून ती चाल उचलता येत नाही. दुसरीकडे शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली गणपतीची गाणी घेतलीत तर त्या २००२ मध्ये गेल्या, म्हणजे शब्दांचाच हक्क २०६२ संपेपर्यंत आहे.

म्हणून गाणं मनात आलं की आधी कागदावर तीन नावं लिहा: गीतकार, संगीतकार, रेकॉर्ड कंपनी. ही तिन्ही नक्की होईपर्यंत रियाज सुरू करू नका. तुम्ही गाण्यात जीव ओतता, आणि महिनाभरानं कळतं की परवानगी मिळणार नाही. फार जिवावर येतं ते.

परवानगीचे दोन रस्ते आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ३१सी आलं, ते कव्हरसाठीच आहे. मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटली असतील, तर ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरून आणि रीतसर नोटीस देऊन कव्हर करता येतं. नोटीस हक्कदाराला आणि कॉपीराइट रजिस्ट्रारला, कव्हर बनवण्याच्या किमान पंधरा दिवस आधी द्यायची असते. पण अटी कडक आहेत. दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरली जाते. माध्यम शेवटच्या रेकॉर्डिंगचंच हवं, ते बाजारातून गेलं असेल तरच दुसरं. शब्दांत किंवा चालीत, तांत्रिकदृष्ट्या आवश्यक तेवढं सोडून, बदल करता येत नाही. कव्हर आहे असं लेबलवर लिहावं लागतं, आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र तिथे टाकता येत नाही. हे शेवटचं तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. लतादीदींचा जन्म आपल्या इंदुरातला, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यामुळे इथल्या प्रत्येक नव्या गटाला त्यांचंच गाणं घ्यावंसं वाटतं आणि वर त्यांचा फोटो लावून 'मानवंदना' लिहावंसं वाटतं. भावना उत्तम आहे. पण या कलमाच्या रस्त्यानं गेलात तर ते करता येणार नाही.

दुसरा रस्ता सरळ परवानगीचा. रेकॉर्ड कंपनीला किंवा ज्याच्याकडे शब्द-चालीचे हक्क आहेत त्याला लिहायचं आणि लेखी परवाना घ्यायचा. पाच जणांच्या छोट्या गटाला माझ्या मते हाच बरा, कारण ५०,००० प्रतींचं ओझं पडत नाही आणि थोडा बदल हवा असेल तर तोही मागता येतो. पत्रात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहा: फक्त ऑडिओ की व्हिडिओसुद्धा, कोणत्या माध्यमांवर, किती वर्षांसाठी, शब्दांत किंवा चालीत काय बदलणार. व्हिडिओचं नाव न घेता घेतलेली परवानगी व्हिडिओला चालेल असं धरू नका. परदेशी मुलं ऑनलाइन थोडे पैसे भरून कव्हरचा परवाना काढतात असं तुम्ही पाहिलं असेल. ती त्यांच्या देशाच्या कायद्यातली सोय आहे, इथे ती लागू होत नाही. गाणं चढवताना वितरकाच्या, म्हणजे ते ऐकण्याच्या सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर 'कव्हर'च्या चौकटीत खूण करायची असते, तीही परवानगी नव्हे. यूट्यूबवर हक्कदाराचा दावा येऊन जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळतात, व्हिडिओ मात्र बऱ्याचदा राहतो. म्हणून मुलांना वाटतं सगळं चालतं. पण तो राहतो हक्कदाराच्या मर्जीवर. ऐन चतुर्थीला उतरवला तर तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आणखी एक. नेटवर मिळणारा कराओके ट्रॅक घेऊन त्यावर गाऊ नका. तो ट्रॅक दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग आहे. मूळ रेकॉर्डमधल्या मधल्या सुरावटीही जशाच्या तशा वाजवू नका, स्वतःच्या बांधा. नव्या गटाची ओळख दिसते ती मुख्यतः त्या सुरावटींतच.

या सगळ्यापेक्षा मला आवडणारी एक वाट आहे. आपल्या मराठी घरांत आरत्यांच्या, पदांच्या, भूपाळ्यांच्या परंपरेनं आलेल्या चाली आहेत. रामबागेत एक, लोकमान्य नगरात दुसरी, आणि लग्न होऊन नागपूरहून किंवा साताऱ्याहून आलेल्या सुनेनं आणलेली तिसरी. तुमच्यापैकी कुणाच्या आजीला असं एखादं पद येत असेल तर आधी ते फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शब्द पारंपरिक, चाल कुणा एका संगीतकाराची नाही याची खात्री करा. तशी खात्री पटली तर परवानगीचा प्रश्नच राहत नाही, आणि बाजारात जे कुणाकडे नाही ते तुमच्याकडे असेल. अट एकच: चाल सोपी हवी, मुखडा दोनदा ऐकून तोंडात बसला पाहिजे.

आता चाल किती बदलावी. मुखड्याला हात लावू नका. अंतऱ्यात गायकीनं थोडी जागा घ्या, पण ओळीचा शेवट मूळ स्वरावरच आणा, कारण लोक ओळीच्या शेवटाला येऊन मिळतात. नवेपणा आणायचा तो साथीत, आवाजांच्या मांडणीत आणि मधल्या सुरावटींत. गोष्टी खऱ्या बिघडतात त्या गिटारच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत, म्हणून इथे जरा थांबतो.

गिटारवाल्या मित्राला बहुतेक गाणी चार कॉर्डमध्ये बसवायची सवय असेल: सी, जी, ए मायनर, एफ. सा पांढरी एकवर (पेटीच्या सी वर) धरा आणि भूप रागातल्या चालीवर ही चौकडी लावून बघा. भूपात स्वर पाचच, सा रे ग प ध. म आणि नी वर्ज्य. सी मेजरमध्ये सा, ग, प आहेत, ठीक. ए मायनरमध्ये ध, सा, ग आहेत, तेही ठीक. पण एफ मेजर वाजला की म येतो आणि जी मेजर वाजला की नी. चारातले दोन कॉर्ड चालीत नसलेला स्वर आणतात. ऐकणाऱ्याला राग कळत नसेल, पण त्याचा आवाज त्या जागी अडखळतो, आणि तो गायचा थांबतो. उपाय साधा आहे. एफ काढून टाका. जीच्या जागी फक्त प आणि रे हे दोन स्वर वाजवा, मधला नी सोडा. सी, ए मायनर आणि ही प-रेची उघडी जोडी, एवढ्यात भूपातलं अख्खं गाणं निघतं. वर सा-पचा षड्ज-पंचम कीबोर्डवर बारीक धरून ठेवलात तर घर भरल्यासारखं वाटतं.

यमनात उलटी गंमत होते. तिथे म तीव्र आहे, आणि एफ मेजर शुद्ध म घेऊन येतो, म्हणजे यमनाचा प्राणच जातो. त्याऐवजी डी मेजर वाजवा. त्यात रे, तीव्र म आणि ध आहेत, आणि चाल एकदम उजळते. मुखड्यानंतर हा कॉर्ड एकदा आला की मला अजूनही अंगावर काटा येतो. बऱ्याच भावगीतांत एकापेक्षा जास्त रागांचे स्वर मिसळलेले असतात, तेव्हा रागाच्या नावावर जाऊ नका. ओळीतले स्वर पेटीवर एकेक वाजवून लिहून काढा आणि त्या ओळीत जे स्वर आहेत तेवढेच कॉर्डमध्ये येऊ द्या. एक दुपार जाईल, पण ती दुपार रेकॉर्डमध्ये ऐकू येईल.

तालाचंही तसंच. काहोनवाले चार-चारच्या ठोक्यावर वाढलेले असतात. गाणं केरव्यात असेल तर आठ मात्रा त्यात नीट बसतात. पण दादऱ्यातलं सहा मात्रांचं गाणं ओढूनताणून चारात आणलं की लहान अक्षर लांबतं, लांब अक्षर मध्येच तुटतं आणि शब्द ओळखू येत नाहीत. सहा मात्रांचं गाणं सहातच ठेवा. काहोनवर पहिल्या मात्रेला खालचा जड ठोका, चौथीला वरचा हलका, आणि मधल्या जागा बोटांनी. भजनी ठेका धरायचा असेल तर तो काहोनवर उतरवायचा हट्ट न धरता ढोलकी किंवा पखवाज वाजवणारा माणूस आणा. आपल्या भजनी मंडळांत असे हात आहेत की त्यांच्या पहिल्या आवर्तनातच गाणं उभं राहतं. व्हिडिओवर खर्च करायचे पैसे इकडे वळवा. लयीचं म्हणाल तर मिनिटाला ९० ते ९६ ठोक्यांपासून सुरुवात करून बघा. सगळ्यांनी टाळ्या वाजवत मुखडा चार वेळा म्हणायचा. टाळी पुढे पळायला लागली तर लय संथ आहे, श्वास अपुरा पडला तर जलद आहे.

पट्टी ठरवताना दोघी गायिकांनी थोडा मोह आवरायचा आहे. तरुण आवाज काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून) खुलतो, हे खरं. पण त्या पट्टीत तार सप्तकातल्या जागा घरातल्या बायकांना झेपत नाहीत. काळी चार किंवा पांढरी पाच धरा. पुरुष खालच्या सप्तकात आपोआप येऊन मिळतात. घरी आजी, आई, बाबा, शेजारचा शाळकरी मुलगा अशा सगळ्यांना एकत्र बसवून मुखडा गायला लावा आणि सगळ्यांचा आवाज मोकळा लागेल ती पट्टी ठेवा. दोघींपैकी एकीला फार खाली वाटत असेल तर तिला एका अंतऱ्यात वरची जागा द्या, मुखड्यात नको.

उच्चारांवर मला काळजी आहे आणि ती स्पष्ट बोलतो. आपली इंदुरी मुलं घरात मराठी आणि बाहेर दिवसभर हिंदी बोलतात. त्यामुळे ळ चा ल होतो, ण चा न होतो, आणि 'चांदणं'मधला च 'चार'मधल्या च सारखा येतो. बोलण्यात हे खपून जातं, माइकवर नाही. पुण्या-नाशकाचा श्रोता अशा एका अक्षरावर गाणं बंद करतो, आणि आपल्या इथले जुने लोक मनात खट्टू होतात. रेकॉर्डिंगच्या आधी शब्द न गाता, नुसते वाचून, घरातल्या मोठ्या माणसासमोर म्हणून दाखवा. त्यांनी जिथे टोकलं तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि ते अक्षर वेगळं घोटा.

रॅपबद्दल थोडक्यात: नको. कलम ३१सीच्या रस्त्यानं तर तो बसतच नाही, कारण तो शब्दांतला बदल आहे. हक्कदारानं परवानगी दिली तरी संगीताच्या बाजूनं माझं मत तेच. मावशी गात असतात आणि मध्येच त्यांना पाऊण मिनिट गप्प बसावं लागतं. तुमच्याकडे हिंदी ओळी तयार असतील आणि चांगल्या असतील तर त्यांचं स्वतंत्र गाणं करा. ते पूर्ण तुमच्या मालकीचं असेल.

घरी रेकॉर्डिंग होतं का? होतं, आवाज आणि पेटीपुरतं नक्की होतं. कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली झोपायची खोली निवडा. गाणारीच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया टांगा. पंखा बंद, शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद. ऑगस्टात आपल्याकडे पाऊस असतो, पत्र्यावर पडणारे थेंब संवेदनशील माइक बरोब्बर पकडतो. म्हणून दिवस एकच न ठरवता हाताशी दोन-तीन मोकळे ठेवा. माइक तोंडापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठ्या स्वरालाही पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पुढे वाढवता येतं, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या, नाहीतर ठेक्याचा टिकटिक आवाज माइकमध्ये उतरतो. वायरी आणि जोडण्या जेल रोडवर मिळतील, पण माइक ऐकून आणि पारखून घ्या, किंवा दोन दिवसांसाठी कुणाकडून मागून आणा.

समूहाचा आवाज कसा करायचा ते नीट सांगतो, कारण या गाण्याचा गाभा तोच आहे. पाचही जणांनी माइकपासून दीड मीटरवर अर्धवर्तुळात उभं राहून मुखडा म्हणायचा. मग जागा बदलायच्या, मागचा पुढे, डावा उजवीकडे, आणि पुन्हा म्हणायचा. असं चार वेळा. चारही एकत्र लावले की वीस जण गात असल्यासारखं वाटतं. तिसऱ्या वेळी दोघांनी मुद्दाम साध्या बोलक्या आवाजात म्हणावं, घोटीव गळ्यानं नको. चौथ्या वेळी घरातली मोठी माणसं मध्ये घ्या. त्यांचा किंचित मागे पडणारा, किंचित वर लागणारा आवाज काढून टाकू नका. सगळे स्वर यंत्रानं एका रेषेत आणले की तो घोळका राहत नाही, एकाच माणसाच्या वीस सावल्या ऐकू येतात. वेगळी हार्मनी (चालीसोबत दुसऱ्या स्वरांत गायलेली ओळ) हवी असेल तर ती शेवटच्या मुखड्याला, तीही एकाच वरच्या आवाजात आणि मुख्य चालीपेक्षा हळू. आधीपासून लावली तर ऐकणाऱ्याला कोणती ओळ धरायची ते कळत नाही.

ऑटोट्यूनबद्दल, म्हणजे आवाज आपोआप सुरात आणणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, एवढंच: सगळ्या गाण्यावर एक बटण दाबून लावू नका. ते मींड तोडतं, दोन स्वरांमधला घसरता रस्ता पायऱ्यांसारखा करतं. स्वर खरंच हललेला असेल तिथे तेवढाच हातानं दुरुस्त करा, आणि ओळ पुन्हा गाता येत असेल तर पुन्हाच गा.

पेटी वापरणार असाल तर आधी तिचा सूर तपासा. घरातली जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असेलच असं नाही. ती किंचित वर-खाली असेल तर गिटार आणि कीबोर्ड तिच्याशी जुळवून घ्या, उलट करता येत नाही. आरतीच्या घंटीचंही तेच. गाण्याच्या सुरुवातीला घंटी वाजवायची हौस सगळ्यांना असते, पण घंटीला तिचा स्वतःचा सूर असतो आणि तो बराच वेळ घुमत राहतो. तुमची पट्टी लावून घंटी ऐका. जुळत नसेल तर दुसऱ्या घरातली आणा. देवघरं आपल्याकडे भरपूर आहेत, एखादी सापडतेच. टाळ आणि झांज माइकपासून दोन मीटरवर, नाहीतर त्यांची किणकिण गाणारीच्या आवाजावर चढते. ताशा खोलीत घेऊच नका, मोकळ्या मैदानात घ्या, किंवा शेवटच्या मुखड्यापुरता ढोल पुरे.

मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड केलेले सगळे आवाज एकत्र जुळवायला, अनुभवी माणूस घ्या, हा खर्च वाचवू नका. त्याच्याकडे जाताना दोन गोष्टी सांगा. पहिली, शब्द सगळ्यांत वर. दुसरी, मिक्स मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एक करून) आणि फोनच्या स्पीकरवर ऐकूनच पक्का करायचा. आपलं गाणं कुठे वाजणार आहे त्याचा विचार करा: कॉलनीच्या मंडपातल्या जुन्या भोंग्यावर, रिक्षात, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या, म्हणजे इथल्या गिरण्यांच्या सजवलेल्या चित्ररथांच्या, गर्दीत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी गिरणी कामगारांनी झांक्या थांबू दिल्या नाहीत. त्या रात्रीच्या गोंगाटात खोल बास अजिबात कळत नाही, कळतो तो मधला आवाज, म्हणजे माणसांचा गळा आणि ढोलकीची थाप. पन्नास हर्ट्झचा ठोका वाढवत बसण्यापेक्षा ढोलकीच्या धूमला शंभर ते दोनशेच्या मध्ये भरीव करा. अंतिम पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याच्या एकूण मोठेपणाचं माप) आसपास आणि सगळ्यात उंच टोक उणे एक डेसिबलवर ठेवा. स्पॉटिफायसारख्या सेवा पातळी साधारण तिथेच आणतात, त्यामुळे जोरात दाबून काही हाती लागत नाही.

गाणं साडेतीन मिनिटांच्या आत ठेवा, आणि मुखडा पहिल्या पंधरा सेकंदांत आला पाहिजे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच ऐकणं मोजलं जातं. मंत्र, घंटी, शंख, मग गिटार, मग आलाप असं पाऊण मिनिट गेलं तर ऐकणारा पुढे गेलेला असतो.

आता तारखा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं गणपती उशिरा आहेत, चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला. तुम्हाला हा जास्तीचा वेळ मिळाला आहे, तो परवानगीत घाला. जूनमध्ये हक्कांची पत्रं, जुलैत तालीम, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रेकॉर्डिंग, पंधरा ऑगस्टपर्यंत मिक्स, आणि शुक्रवारी २८ ऑगस्टला प्रकाशन. वितरकाकडे गाणं त्याआधी दोन आठवडे तरी गेलेलं असू दे. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. गीतकार आणि संगीतकार यांची पूर्ण नावं त्यांच्याच रकान्यात भरा, स्वतःची तिथे घालू नका. मंडळांचे साउंडवाले पेन ड्राइव्ह चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात भरतात. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर इथल्या मंडळांना स्वतः जाऊन वेव्ह (न दाबलेली, पूर्ण दर्जाची) फाइल द्या. व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल भोंग्यावर किरकिरते.

मंडपात गाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं गायलं तर कायद्यानं तो हक्कभंग होत नाही, त्यासाठी कलम ५२ मध्ये वेगळी तरतूद आहे. म्हणजे आरतीच्या वेळी खुशाल गा. मंडळानं रात्री तुमचा वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठेवला तर ती गोष्ट निराळी, तेव्हा परवान्याचं आयोजकांशी आधी बोलून घ्या. आणि ट्रॅक लावून त्यावर गाऊ नका. पेटी, ढोलकी, एक गिटार आणि दोघींचे आवाज पुरेत. तिसऱ्या मुखड्याला वाद्यं थांबवा, माइक खाली करा आणि लोकांना एकट्यांना म्हणू द्या.

शेवटचा कागद तुम्हा पाच जणांमधला. रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, आलेले पैसे कसे वाटायचे, एखादा शिकायला बाहेर गेला तर त्याचा वाटा किती, ढोलकीवाल्याला एकरकमी मानधन की वाटा, हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करा. गाणं प्रसिद्ध होण्याआधी करा. नंतर हे बोलणं जड जातं.

गाणं ठरलं की त्याचं नाव, गीतकार-संगीतकारांची माहिती आणि दोघींची पट्टी मला कळवा. कॉर्डची पहिली मांडणी एकत्र बसून करू. ढोलकीसाठी एक हात माझ्या मनात आहे, त्याच्याशी मी बोलून ठेवतो.